खरवडलेलं अक्षर

दुकानाच्या पुढच्या भागात चष्मे आणि मागच्या खोलीत नाणी, अशी त्या घराची वाटणी होती. पुढच्या भागावर पोट चालायचं आणि मागच्या खोलीवर बाबांचा रुबाब. दर रविवारी सकाळी जुन्या इंग्रजी नाण्यांचे चार-पाच शौकीन तिथं जमत. त्यांत गुरांचे डॉक्टर होते, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर होते, एक फोटोग्राफर होता, आणि अधूनमधून वाट चुकल्यासारखा एखादा नवखा यायचा. बाबांना ते सगळे 'भिंगराव' म्हणत. बाबांना ते आवडायचं. आवडत नाही असं दाखवायला तर त्याहून आवडायचं.

त्यांची एकुलती एक लेक म्हणजे बेबी. लहानपणी ठेवलेलं हे लाडाचं नाव पुढे चाळिशी उलटली, केसांत पांढरं आलं, तरी तिला चिकटूनच राहिलं. दिवा धरायचं काम तिच्याकडे होतं. नाण्यावर उजेड सरळ पडला की खोट लपते, तिरका पडला की उघडी होते, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. आई कुरकुरायची, "बाहुली द्यायच्या वयात पोरीच्या हातात राणीचं मुंडकं दिलंत!" बाबा हसायचे आणि म्हणायचे, "दिवा खाली कर, अजून खाली."

त्यांची पारख अस्सल होती, यात वाद नाही. नाणं आधी बोटाच्या टोकावर तोलायचं, मग दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारून आवाज ऐकायचा, मग कड फिरवून दाते बघायचे, आणि सगळ्यात शेवटी भिंग. ओतीव नाण्यावरची अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गोलावलेली दिसतात. अंगावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी एकच खळगा सापडला, तर दोन्ही एकाच चोराच्या पोटची. हे सगळं ते बेबीला शिकवत. पण त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकता आली असती, ती तिनं घेतली नाही, ती म्हणजे त्यांची जीभ. खोटं नाणं घेऊन आलेल्या माणसाला ते नुसतं 'खोटं आहे' म्हणून सोडत नसत. "हे नाणं नाही हो, बटण आहे. कोटाला लावा, शोभेल." किंवा, "यातला राजा बघितलात? याला गालगुंड झालंय." मंडळी खो खो हसत. आलेला माणूसही हसल्यासारखं करी, नाणं रुमालात बांधी आणि परत कधी फिरकत नसे.

बाबांच्या स्वतःच्या संग्रहाचा राजा म्हणजे १९१७ सालचं लंडनचं सॉव्हरिन. घोड्यावर बसून राक्षसी सापाला मारणारा वीर एका बाजूला, पाचव्या जॉर्जचं डोकं दुसऱ्या बाजूला. तशी या धाटणीची सोन्याची नाणी ढिगानं मिळतात. पण त्या युद्धाच्या वर्षात लंडनमध्ये पाडलेली फार थोडी उरली. त्याच वर्षी सिडनीसारख्या दूरच्या टाकसाळींतही हीच नाणी पडली आणि ती मात्र भरपूर सापडतात. फरक एवढाच की तिथल्या नाण्यावर घोड्याखालच्या जमिनीवर टाकसाळीचं एक बारीक अक्षर असतं आणि लंडनच्या नाण्यावर ती जागा कोरी असते. बाबांच्या नाण्यावर जागा कोरी होती. एका निवृत्त जहाजी अधिकाऱ्याकडून, आपली बारा उत्तम नाणी देऊन, त्यांनी हे एक घेतलं होतं. लाल मखमलीच्या डबीत ते राहायचं आणि रविवारची सभा उठायच्या आधी एकदा बाहेर निघायचं. सगळे बघत, माना डोलावत, डबी मिटे.

बेबी डोळे तपासायचं शिक्षण घेऊन आली आणि दुकानात नवं यंत्र आलं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, मग उजेडाची उभी बारीक चीर बाजूनं डोळ्यावर सोडायची आणि दुर्बिणीतून बघायचं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाबा जेवून झोपले होते. यंत्राची गंमत म्हणून बेबीनं हनुवटीच्या जागी एकेक नाणं उभं करून बघायला सुरुवात केली. एवढ्याशा राणीच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. मग तिनं लाल डबी उघडली.

उजेडाची चीर घोड्याच्या पायांवरून सरकत खालच्या जमिनीवर आली आणि तिथं तिचा हात थांबला. बाकीची जमीन दाणेदार होती, मधली एक जागा तेवढी गुळगुळीत होती. आणि त्या गुळगुळीत जागेवर, एकाच दिशेनं गेलेले, केसाहून बारीक ओरखडे. त्या ओरखड्यांच्या तळाशी, वाळूत बुडालेल्या दोरीसारखं, एक वळण. 'एस'चं वरचं वळण.

कुणीतरी सिडनीचं अक्षर खरवडून नाण्याला लंडनचं केलं होतं. सोनं खरं, वजन खरं, राजा खरा. फक्त जन्मगाव खोटं. म्हणूनच तर टिचकीच्या आवाजात ते पकडलं गेलं नव्हतं.

तिनं आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी अर्ध्यावर ठेवून ती खाली बसली.

"नक्की?"

"नक्की, आई. तूच बघ हवं तर."

"मला काय कळतंय त्यातलं? तू म्हणतेस म्हणजे असणार." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "नको सांगूस त्यांना."

"अगं पण उद्या दुसऱ्या कुणी पकडलं तर?"

"उद्याचं उद्या. त्या माणसाकडे मिरवायला दुसरं काय आहे सांग. दुकान तर वडिलांनी घालून दिलेलं. घरातल्या माणसाला झाकून घ्यायचं असतं, बेबी."

बेबीनं झाकून घेतलं. दर रविवारी डबी उघडली की ती दिव्याचा उजेड सरळ पाडायची, तिरका नाही. बाबा म्हणत, "वा, आज कसं झळाळतंय!"

त्याच सुमाराला एक मोजणीदार दुकानात येऊ लागला होता. जमिनींची मोजणी करणारा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. त्याचा चष्मा सारखा मोडायचा. कधी काडी निघाली, कधी स्क्रू हरवला, कधी त्यावर कोणी बसलं. चौथ्यांदा तो काडी घेऊन आला तेव्हा बेबी म्हणाली, "अहो, चष्मा डोळ्यांवर लावतात, खिशात चिरडत नाहीत."

तो म्हणाला, "मोडला नाही तर इथं यायला कारण काय सांगू?"

एवढंच. पण त्यानंतर त्याला कारण लागलं नाही. वर्षभरानं त्यानं आपल्या आईला घेऊन येतो म्हणून सांगितलं. बाबांचीही ना नव्हती. मुलगा नोकरीचा, निर्व्यसनी, चष्मा लावणारा म्हणजे गिऱ्हाईक कायमचं, असा विनोदही त्यांनी करून घेतला. आपल्या बाजूनं कुणी मोठं माणूस हवं म्हणून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

मोजणीदाराची आई शिवणकाम करून घर चालवलेली बाई होती. उजव्या हाताच्या बोटावर सुईच्या टोचण्यांचे काळे ठिपके होते. बोलणं सावकाश, हसणं मोकळं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. बेबीनं केलेले गोड तुकडे तिनं दुसऱ्यांदा मागून घेतले. मग पिशवीतून एक छोटी पुरचुंडी काढून ती बेबीला म्हणाली, "ये गं, जवळ ये. आमच्याकडे दागदागिने फारसे नाहीत. पण हे माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी हातावर ठेवलं होतं. आता तुझं."

राणीछाप सॉव्हरिन होतं. वर एक बारीक कडी लावलेली, गळ्यात घालता यावं म्हणून.

बेबीचा तळहात पुढे झाला होता. पण मध्येच बाबांचा हात आला.

"बघू बघू," ते म्हणाले. खिशातून भिंग निघालं सुद्धा.

बेबीला वाचायला भिंग लागलंच नाही. नाण्यावर साल होतं १८९२ आणि राणीच्या डोक्यावर पदर होता. पदर घेतलेली म्हातारी राणी नाण्यावर आली ती त्र्याण्णव साली. त्याआधी छोटा मुकुट होता. तिनं बाबांकडे बघितलं, डोळ्यांनी 'नको' म्हटलं, मानेनं 'नको' म्हटलं. पण बाबांचा एक डोळा भिंगाला होता आणि दुसरा मिटलेला.

"डॉक्टर, ही गंमत बघा," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात रविवार उतरला होता. "राणीसाहेबांनी पदर घेतला त्र्याण्णवला. या बाई एक वर्ष आधीच घेऊन बसल्यात! लाजाळू दिसतात!"

डॉक्टर हसले. सवयीनं हसले असतील, पण मोठ्यानं हसले.

मोजणीदाराच्या आईला काही कळलं नाही. तीही थोडी हसली. "म्हणजे काय हो?"

"म्हणजे खोटं आहे, बाई. सोनाराच्या दुकानातलं. सोनं असेल थोडंफार, पण नाणं म्हणाल तर हे नाणं नव्हे. तुमच्या सासूबाईंना कुणीतरी बनवलं, नाहीतर…" बाबांनी खांदे उडवले. "नाहीतर सासूबाईंनी तुम्हाला."

खोलीत कुणीतरी कपाचा कान सोडला आणि बशी वाजली. बाईंनी हात पुढे केला. बाबांनी नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नीट, घाई न करता, पुरचुंडीत बांधलं.

"माझ्या सासूबाई खोट्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "ऊठ रे."

मोजणीदार उठला. दारापाशी जाऊन तो थांबला आणि त्यानं बेबीकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल, म्हणून तो थांबला होता. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. 'बाबा, आधी आपली लाल डबी आणा की.' एका वाक्यात सगळं फिरलं असतं. तिनं आपल्या आईकडे बघितलं. आईनं नजर खाली घातली. बेबीनं ते वाक्य गिळलं. दार लागलं.

बाबा म्हणाले, "खरं बोललेलं लोकांना खपत नाही. त्याला मी काय करू?"

त्यानंतर बेबीनं दोनदा त्याच्या कचेरीत जाऊन बघितलं. पहिल्यांदा तो मोजणीला बाहेर गेला होता. दुसऱ्यांदा भेटला, नीट बोलला, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "आई त्या दिवसापासून ते नाणं गळ्यात घालते. आधी कधी घालत नव्हती. त्या घरातून मी मुलगी आणली तर आईनं ते घालायचं की काढायचं, तू सांग." बेबी खुर्चीवरून उठली. सहा महिन्यांनी त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. नंतर त्याची बदली झाली.

इतर स्थळं आली. कधी बेबीनं नाही म्हटलं, कधी त्यांनी. मग ती यायची थांबली. आई एका आजारपणात गेली. जाताना तिनं बेबीचा हात हातात घेऊन "मी चुकले का गं?" असं विचारलं, आणि बेबीनं "छे गं" म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

बाबा म्हातारे झाले, नजर उतरली, पण जीभ शाबूत होती. आता नाणं बेबीनं बघायचं, काय दिसतं ते सांगायचं, आणि निकाल बाबांनी द्यायचा, अशी पद्धत पडली. पारख तिची, शेरा त्यांचा.

अशाच एका रविवारी एक म्हातारा आला. कुठल्याशा शाळेत घंटा वाजवायचं काम करून निवृत्त झालेला. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, दाढी करताना हनुवटीला कापलेलं. त्याच्या हातात एक सॉव्हरिन होतं. म्हणाला, "बायको गेली. तिच्या कपाटात सापडलं. विकायचं नाही मला. फक्त काय आहे ते समजावं म्हणून आलोय. तिनं मला कधी दाखवलं नव्हतं."

बेबीनं बघितलं. ओतीव होतं. कडेचे दाते बोथट, जॉर्जच्या मिशीचा लगदा झालेला. तिनं हळूच म्हटलं, "काका, तुम्ही हे जपून ठेवा. बाकी नंतर बोलू."

"नंतर कशाला?" बाबा म्हणाले. त्यांनी नाणं टिचकीवर वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तर पत्र्याचं डबडं वाजतंय! बायकोनं दाखवलं नाही म्हणता? शहाणी होती. दाखवण्यासारखं काही नव्हतंच!"

फोटोग्राफर हसला. मॅनेजर हसले. म्हाताऱ्यानं आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघितलं, आणि तोही हसायला लागला. ते हसू बघून बेबीच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं कधी तपासायचं?"

"माझं काय?"

"१९१७. लंडन. आणा ना, यंत्राखाली धरू. सगळे आहेतच. घोड्याखालचं अक्षर खरवडलेलं आहे, सिडनीचं आहे ते. एवढी वर्षं मी दिवा सरळ धरला म्हणून दिसलं नाही कुणाला."

कुणी हसलं नाही. बेबीला वाटलं होतं, आता गलका होईल, 'काय सांगतेस' म्हणतील, डबीवर झडप घालतील. पण फोटोग्राफरनं खिशातला रुमाल काढून उगाच बोटं पुसली. मॅनेजर छताकडे बघू लागले. डॉक्टर, जे मोजणीदाराच्या आईसमोर मोठ्यानं हसले होते, ते बुटाची नाडी बांधायला वाकले, आणि त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

फोटोग्राफर चाचरत म्हणाला, "एकदा मोठा फोटो काढला होता मी त्याचा. त्यात दिसलं. मी फक्त या दोघांनाच सांगितलं. म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याला… म्हणजे भिंगरावांना कशाला दुखवा."

"आणि बाहेर गेल्यावर हसायचात."

एकेकानं टोपी, छत्री, पिशवी उचलली. शाळेचा म्हातारा सगळ्यांत शेवटी उठला. तो बेबीपाशी येऊन म्हणाला, "बाई, माझ्यापायी भांडू नका हो." तिनं त्याला दारापर्यंत पोचवलं.

परत आली तेव्हा बाबा तसेच बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. तिला राग चालला असता.

"सगळ्यांसमोर बोलायचं कारण नव्हतं," ते म्हणाले.

"यंत्रावर बघायचंय? चला, दाखवते."

"मी बघितलंय."

"कधी?"

"यंत्र आलं त्याच आठवड्यात. तू बाहेर गेली होतीस. वाटलं, बघावं आपलं नाणं कसं दिसतं ते." त्यांनी गुडघ्यावरचा हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "वळण दिसतं बघ, वरचं."

बेबी खाली बसली. यंत्र आलं त्या आठवड्यात. म्हणजे मोजणीदाराच्या आईनं पुरचुंडी सोडली त्याच्या कितीतरी आधी.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. आपल्या घरात काय आहे ते माहीत असून तुम्ही त्या बाईंना तसं बोललात."

बाबांनी खिशातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "माहीत नसतं तर कदाचित बोललो नसतो."

"म्हणजे?"

"बारा नाणी दिली होती मी, बेबी. माझ्या हातानं निवडून दिली होती. मला बनवलं त्या जहाजवाल्यानं. आणि ती बाई खोटं नाणं घेऊन कशी हसत बसली होती, बघितलंस ना? जसं काही झालंच नाही. मला ते बघवेना."

"तिला माहीत नव्हतं बाबा. ती मला देत होती."

"हो," बाबा म्हणाले. "ते आलं लक्षात. नंतर."

बेबीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं की आई आणि आपण मिळून इतकी वर्षं कुणापासून काय झाकत होतो? ज्याला झाकलं त्याला ठाऊक होतं, ज्यांच्यापासून झाकलं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दारापाशी थांबलेल्या एका माणसाला.

"तुम्ही मला एकदा सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," बाबा म्हणाले. हे मात्र ते खरं बोलले.

महिन्याभरात बेबीनं दोन गल्ल्या पलीकडे, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बाबांच्या जेवणाला बाई लावली, औषधांचे डबे वारांप्रमाणे लावून दिले. दुकान ती रोज वेळेवर उघडते. बाबा सकाळी पुढच्या भागात, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसतात. रविवारची सभा आता डॉक्टरांकडे भरते म्हणे. भिंगरावांना बोलावणं येतं, ते जात नाहीत. दोघांत बोलणं होतं ते कामापुरतं. 'काड्यांचा डबा कुठंय,' 'दूधवाला येऊन गेला का.'

परवा गल्लीतल्या एक आजी नंबर काढायला आल्या होत्या. बेबी आतल्या खोलीत आधीच्या गिऱ्हाईकाचे डोळे तपासत होती. मधलं दार उघडंच होतं. आजी बाबांशेजारी बसल्या आणि आवाज खाली करून, म्हणजे अर्ध्या दुकानाला ऐकू जाईल इतपत, म्हणाल्या, "काय हो हे, या वयात एकटं राहायचं! पोटची पोर असून टाकलं तुम्हाला. तुम्ही तर कधी कुणाचं वाकडं केलं नाहीत."

बेबीचा हात यंत्राच्या कळीवर थांबला. समोरचा माणूस हनुवटी टेकवून, डोळे उघडे ठेवून, श्वास रोखून बसला होता.

बाहेर बाबांनी लांब सुस्कारा सोडला.

"असतं एकेकाचं नशीब," ते म्हणाले.

"हो ना," आजी म्हणाल्या. "हल्लीच्या मुलांना काळीजच नाही."

बाबांनी 'नाही तसं काही' म्हटलं नाही. 'माझीच चूक' म्हटलं नाही. ते नुसते हुंकारले.

"वर बघा," बेबी समोरच्या माणसाला म्हणाली. "आता खाली. डोळा मिटू नका. पाणी आलं तरी चालेल, मिटू नका."